खुर्ची आत सारण्याआधी

मंगळवार, ११ ऑक्टोबर. सकाळी धुके, दहानंतर ऊन. बाहेरच्या खोलीतला बल्ब गेला, नवा लावला. घरमालकीणबाईंनी जिना धुतला आणि पुसला नाही. पाय घसरता घसरता वाचला. धाकटी ऑफिसातून लवकर आली. चहा नको म्हणाली.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. ती चहा नको म्हणाली हे मी लिहून ठेवले, कारण असे वर्षातून एखादेच वेळी घडते. आम्ही दोघींनी दोन सख्ख्या भावांशी लग्ने केली आणि पुढे दोघींनी दोघांना पोचवलेही. आता दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक म्हातारी मांजर एवढाच संसार उरला आहे. मांजर धाकटीची. तिची सेवा माझ्याकडे.

धाकटी बुटकी आहे, पण तिच्या बुटांचा आवाज उंच माणसाचा. खालच्या दारात आली की वर कळते. लग्न होऊन घरात आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंना म्हणाली होती, "मला भांडता येत नाही, पण गप्पही बसता येत नाही. तेव्हा काय करायचं ते तुम्हीच ठरवा." सासूबाई तडक देवघरात निघून गेल्या. मी मात्र त्या दिवशी मनातल्या मनात तिला धाकटी बहीण करून टाकले.

माझे दीर अचानक गेले. दुःखाचे पहिले काही महिने सरले तशी एका सकाळी ती केस विंचरून माझ्यापुढे उभी राहिली. "वहिनी, मी नोकरी धरतेय. घरात बसले तर तुम्हाला माझी दया येईल, आणि मला तुमचा राग येईल." तिला काम मिळाले ते वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीत. दुकानात, गोदामात, दवाखान्यात जे काटे असतात ते ही कंपनी बनवते. काटा बिघडला की लोक तक्रार लिहितात आणि ती तक्रार ज्या लांबलचक खोलीत येते तिथे धाकटीचे टेबल. तिसरा मजला, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला फायलींची कपाटे. आपल्या कामाबद्दल ती म्हणे, "जगाच्या मापात पाप आहे की नाही, ते आमच्या खोलीत ठरतं."

पण ऑफिसात ती ओळखली जाते ती तक्रारींमुळे नव्हे. तिथे तिला सगळे 'निरोपबाई' म्हणतात.

त्याची सुरुवात एका चुकीने झाली. त्यांचे हेडक्लार्क निवृत्त झाले तेव्हा त्या वेळच्या मोठ्या साहेबांनी भाषण केले. "यांच्या गोड गळ्याने आपलं ऑफिस समृद्ध झालं," असे म्हणाले. हेडक्लार्क बिचारे आयुष्यात कधी गुणगुणले नव्हते. सगळे खाली बघत बसले. धाकटी नवी होती, तरी उठली. "साहेब, गाणारे ते हिशेबखात्यातले. हे आमचे. हे गात नाहीत. हे सगळ्यांच्या शेवटी निघतात, कारण दिवे मालवले की नाही ते पाहिल्याशिवाय यांना जेवण जात नाही. एकदा घरी पोचून परत आले होते." हेडक्लार्कांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

तेव्हापासून तिथली रीतच पडली. कोणी जाणार असले की चार वाजता काम थांबते. जाणारा आपली खुर्ची खोलीच्या मध्यभागी आणून बसतो. धाकटी बोलते. स्तुती करत नाही. त्या माणसाची एखादी खरी गोष्ट सांगते, जी सगळ्यांनी पाहिलेली असते आणि कोणी बोललेले नसते. मग तो माणूस उठतो, खुर्ची उचलून आपल्या टेबलाशी नेतो आणि स्वतःच्या हाताने आत सारतो. त्यांच्या ऑफिसात 'अमक्याने खुर्ची आत सारली' म्हणजे तो गेला.

ऑफिसातले लोक तिची थट्टाही करत. "निरोपबाई, माझं भाषण झालं का तयार?"

"तुमचं अजून शिजतंय. कच्चं वाढलं तर पोटात दुखेल."

तीनेक वर्षांपूर्वी नवे साहेब आले. तरुण, नीटनेटके, कोणावरही आवाज न चढवणारे. पहिल्याच दिवशी सगळ्यांना जमवून म्हणाले, "मी इथे कोणालाही काढायला आलेलो नाही. हा माझा शब्द." टाळ्या पडल्या. पोरांनी आठवड्याभरात त्यांचे नाव साखरसाहेब ठेवले. धाकटी त्यांच्यावर खूश होती. मला म्हणाली, "साखर पेरत बोलतो, वहिनी, पण मनाने वाईट नाही."

मग एकेक बारीक गोष्ट बदलू लागली. चहावाली मावशी दोनदा येई ती एकदाच येऊ लागली, पुढे तिच्या जागी यंत्र आले आणि मावशीला झाडलोटीला लावले. यंत्राच्या चहाला धाकटी 'गरम पाण्याची अफवा' म्हणते. खिडकीजवळची टेबले हलली. एकाला लांबच्या शाखेत जायला सांगितले, आणि ते शक्य नाही हे सगळ्यांना आधीच ठाऊक होते. दुसऱ्याकडचे काम काढून घेतले, दुसरे दिले नाही. कोणाला काही बोलायची सोय नव्हती, कारण कोणी कोणाला काही केलेलेच नव्हते. लोक आपापल्या कारणाने जाऊ लागले. कोणाचे दुखणे, कोणाच्या मुलाने बोलावलेले, कोणाला दुसरीकडे बरे मिळालेले.

आणि धाकटी एकेकाला निरोप देत होती. साखरसाहेबांनी या रीतीला हातभार लावला. केक कंपनीच्या खर्चाने, फुलांचा गुच्छ कंपनीचा. भाषणानंतर जाणाऱ्याने राजीनाम्याचे पाकीट साहेबांच्या हातात द्यायचे, हस्तांदोलन, फोटो. नोटिशीचा महिनाही माफ. त्याच संध्याकाळी माणूस मोकळा. एकदा साहेब तिला म्हणाले, "तुम्ही आहात म्हणून आपल्याकडचा माणूस हसत जातो, बाई." त्या दिवशी घरी आल्यावर तिने गुच्छातली चार फुले पेल्यात ठेवली, आणि ते वाक्य मला दोनदा ऐकवले.

आता त्या मंगळवारकडे येते.

ती नको म्हणाली तरी मी चहा केला आणि तिच्यापुढे ठेवला. तिने कपाकडे पाहिले नाही.

"पेन्सिलराव चालले," ती म्हणाली.

पेन्सिलराव म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ. कानामागे कायम पेन्सिल. फायलीवर ते पेनाने शेरा मारत नाहीत. म्हणतात, पेनाने लिहिलं की भांडण होतं, पेन्सिलीने लिहिलं की चर्चा. उन्हाळ्यापासून त्यांचे टेबल पॅसेजमध्ये, हात धुवायच्या बेसिनशेजारी नेले होते. 'तात्पुरते.' काम जवळजवळ नाहीच.

"जिन्यात भेटले," धाकटी सांगू लागली. "म्हणाले, निरोपबाई, शुक्रवारचं भाषण करा. लोक हात धुऊन येतात आणि माझ्या अंगावर झटकतात. दिवसभर ओला होऊन घरी जातो. आता पुरे."

"आणि पुढे काय करणार?"

"काय करणार! या वयात कोण दारात उभं करतं? मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. बायको बोलत नाहीये त्यांच्याशी. साहेबांना तोंडी सांगूनही बसलेत."

मी सहज विचारले, काही मनात धरून नव्हे. "तू एवढ्या लोकांना निरोप दिलास. त्यांच्या जागी जे येतात त्यांचं स्वागत कोण करतं गं? तेही तूच?"

मांजर तिच्या मांडीवर चढली, तिने खाली उतरवली. मांजरीला असे कोणी कधी केले नव्हते.

"कोणी आलंच नाही," ती सावकाश म्हणाली. "वहिनी, कोणीसुद्धा आलं नाही. मावशी सांगत होती, तळघरात खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्यात, छताला टेकल्यात. मला वाटलं जुन्या असतील."

मग ती उठली, गार झालेला चहा उभ्यानेच प्यायली आणि कप आदळला.

"काढलं तर भरपाई द्यावी लागते. चार लोक नावं ठेवतात. आपणहून गेला तर केकवर भागतं. सुंठीवाचून खोकला घालवतोय तो साखरसाहेब! आणि त्याची साखर वाटतेय कोण? मी. दाराशी उभी राहून, हसतमुखाने, या या, असे इकडून जा."

"तुला काय माहीत होतं?"

"माहीत नव्हतं ते वेगळं. आता झालंय ना?"

तिचा आवाज ऐकून मला बरे वाटले. धाकटी रडवेली झाली तर मला काय करावे ते सुचत नाही. ती चिडली की मात्र तिची काळजी करावी लागत नाही.

बुधवारी सकाळी तिने पेन्सिलरावांना सांगून टाकले, "तुमचा निरोप मी करणार नाही."

गृहस्थ दुखावले. "सगळ्यांचा केलात. माझाच जड झाला? इतकी वर्षं शेजारी बसलो आपण."

"बसलात ना? मग बसा अजून."

"पॅसेजमध्ये?" त्यांनी विचारले. ती आपल्या टेबलाकडे वळली. ते म्हणाले, "ठीक आहे. मी भाषणाशिवाय जाईन. पाकीट ठेवीन आणि जाईन."

जेवताना हे सांगून ती म्हणाली, "बघा, नाही म्हणून मी काय मिळवलं? तो माणूस आता नुसताच जाईल, मान खाली घालून. म्हणून दुपारी मीच गेले त्यांच्याकडे आणि म्हटलं, करते. पण एका अटीवर. माझं बोलणं पूर्ण होईपर्यंत पाकिटाला हात लावायचा नाही."

"आणि साहेब?"

"साहेब स्वतः आले विचारायला, केक किती वाजता सांगू. म्हटलं, चारला. मोठा सांगा, सगळ्यांना पुरला पाहिजे." पोळीचा तुकडा मोडत ती गालात हसली.

"काय चाललंय तुझ्या मनात?"

"शिजतंय. झाकण काढू नका."

गुरुवारी रात्रीचे जेवण झाल्यावर मात्र झाकण थोडे उघडले. "वहिनी, उद्या तुम्ही चला. निरोपाला घरचं कोणी चालतं. पेन्सिलरावांची बायको येणार नाही म्हणाली. कोणीतरी घरचं असावं."

"मी त्यांच्या घरची कशी?"

"माझ्या घरच्या आहात ना? तेवढं पुरे."

म्हणून मी शुक्रवारी ती खोली प्रथमच पाहिली. इतकी वर्षे तिच्या तोंडून ऐकलेली खोली मला भरगच्च वाटत होती. प्रत्यक्षात टेबले होती, पण निम्म्या टेबलांशी खुर्च्या नव्हत्या. फरशीवर खुर्च्यांच्या पायांनी पडलेले ओरखडे मात्र तसेच होते, चारचारचे. पॅसेजमधून येताना बेसिनशेजारचे टेबलही पाहिले. वरच्या काचेवर पाण्याचे थेंब वाळून डाग पडले होते, आणि कोपऱ्यात तासून तासून बोटाएवढी उरलेली पेन्सिल.

चारला सगळे जमले. केक खरोखर मोठा होता. त्यावर लिहिले होते, 'पुढच्या वाटचालीस शुभेच्छा'. साखरसाहेब हसत सगळ्यांची चौकशी करत होते, मलाही म्हणाले, "आपण आलात, आनंद झाला." मला ते आवडले, हे मी लपवत नाही. पेन्सिलराव खोलीच्या मध्यभागी आपल्या खुर्चीवर बसले. इस्त्रीचा शर्ट, खिशातून पांढऱ्या पाकिटाचे टोक बाहेर आलेले. त्यांचा हात सारखा तिकडे जात होता.

धाकटी उभी राहिली.

"पेन्सिलरावांबद्दल तुम्हाला सगळं माहीत आहे," ती म्हणाली. "एक सोडून. मी इथे आले तेव्हा माझे मालक जाऊन थोडेच महिने झाले होते. मला जी खुर्ची मिळाली तिचा एक पाय मोडका होता. मी कोणाला बोलले नाही. त्या दिवसांत मला वाटायचं, सगळ्यांच्याच खुर्च्या हलतात. दुसऱ्या दिवशी आले तर माझ्या टेबलाशी धड खुर्ची, आणि शेजारी हे वजनांच्या खोक्यावर बसलेले. मी विचारलं, तर म्हणाले, मला पाठीला बरं पडतं. सहा महिने त्यांच्या पाठीला बरं पडत होतं. मी आजही बसते ती खुर्ची यांची आहे."

पेन्सिलराव खाली बघून म्हणाले, "अहो, ते कशाला आता…"

"थांबा, मी संपवलं नाही. एरवी मी इथे थांबते. आज साहेबांचे आभार मानायचे आहेत." साखरसाहेबांनी मान जरा झुकवली. "साहेबांनी आल्या दिवशी आपल्याला शब्द दिला होता, कोणालाही काढणार नाही म्हणून. साहेब, तो शब्द आहे ना अजून?"

"अर्थात," साहेब म्हणाले. "आपण कोणालाही काढत नाही."

"टाळ्या!" धाकटी म्हणाली आणि स्वतः वाजवू लागली. सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या, दुसरे काय करणार?

मग ती पेन्सिलरावांकडे वळली. "तुम्हाला कोणी काढलंय का?"

"नाही."

"तुम्हाला जायचंय का?"

पेन्सिलरावांचा हात खिशाशी गेला आणि तिथेच राहिला. मला वाटले, झाले, आता ते पाकीट काढणार. धाकटीचेही ओठ घट्ट मिटलेले दिसले. तिच्याकडे याहून पुढे काही नव्हते, हे मला तिथे बसून कळले. तेवढ्यात त्यांनी केकवरची अक्षरे वाचली, मग आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिले.

"मला…" ते म्हणाले, "मला पॅसेजमध्ये बसायचं नाही."

"हे वेगळं!" धाकटी म्हणाली. "याला निरोप लागत नाही. याला टेबल उचलायला दोन माणसं लागतात."

आधी चहावाली मावशी हसली, मोठ्याने. मग सगळी खोली. दोनाच्या जागी पाच जण उठले. टेबल पॅसेजमधून तिरके करून दारातून आत आणले; कोणीतरी ओरडले, "कोपरा सांभाळा, काच आहे!" खिडकीशेजारी, धाकटीच्या टेबलाला लागून, तिथल्या जुन्या ओरखड्यांसमोर नेमके ठेवले. मावशीने ओले फडके आणून काच पुसली.

"बाई," साखरसाहेब हळू आवाजात म्हणाले, "हे असं ठरलं नव्हतं. आणि ते टेबल तिथे तात्पुरतं…"

"तात्पुरतंच होतं ना, साहेब? मग संपलं की. तुमच्याच शब्दाने झालं सगळं. केक कापू या, की आधी फोटो?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिले. कोणी मान खाली घातली नव्हती. "केक कापा," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने फोन आल्याचे सांगून निघून गेले. केक त्यांनी खाल्ला नाही.

पेन्सिलरावांनी खुर्ची उचलून टेबलाशी नेली. सवयीने आत सारायला गेले. "अहो, बाहेर ओढा!" दोघेतिघे एकदम ओरडले. त्यांनी ओढली, बसले, आणि पाकिटाचे काय करावे ते न कळून कानामागची पेन्सिल काढली. पाकिटाच्या पाठीवर तिथल्या तिथे बायकोला निरोप लिहिला आणि केकच्या डब्यावर ठेवला: थोडा केक घरी नेतोय, बोलणार असलीस तर.

आम्ही दोघी चालत घरी निघालो. उरलेल्या केकचा दुसरा डबा माझ्या हातात, बुटांचा आवाज तिच्या पायांत.

"आता साहेब तुझ्यावर येतील," मी म्हटले. "उद्या तुझं टेबल पॅसेजमध्ये."

"येऊ दे की. फुलदाणी नेईन, टेबलावर स्वच्छ कापड घालीन. हात पुसायला टॉवेलही ठेवीन, म्हणजे कोणी झटकणार नाही."

"आणि तुलाच कंटाळा आला तर?"

ती थांबली आणि तिने माझ्याकडे वळून पाहिले, जणू मी अगदीच बाळबोध प्रश्न विचारला होता.

"वहिनी, तिथे निरोप कोण करतं?"

"तू."

"मग मी माझा केला नाही की झालं. निरोपाशिवाय आमच्याकडे कोणी जात नाही." आणि ती पुढे चालू लागली. "सोमवारी साहेबांना विचारणार आहे, तळघरातल्या खुर्च्या वर कधी आणायच्या. स्वागताचं भाषण मला अजून जमत नाही, पण शिकेन."

घरी आल्यावर तिने आधी चहा मागितला, मग मांजरीची समजूत घातली. मी डायरी काढली. शुक्रवार, १४ ऑक्टोबर. केकचा डबा फ्रिजमध्ये मावेना, म्हणून दुधाचे पातेले बाहेर काढून पुन्हा तापवून ठेवले.